एकदा ठीक, दोनदा उसव

मित्रांनो, मी एक जुनी फीत आहे. केसांत बांधायची रंगीत फीत नव्हे, शिंप्याच्या गळ्यात लोंबते ती, माप घ्यायची. तुम्ही मला टेप म्हणता. म्हणा बापडे. सध्या माझा मुक्काम एका लाकडी खणात आहे. शेजारी बिनजोडीची बटणे, खडूचे झिजलेले तुकडे आणि एक गंजकी सुई. सुई तोंडाने फटकळ आहे, पण दिवस निघून जातो.

मी जन्मले तेव्हा माझे रूप पाहण्यासारखे होते. घट्ट विणीच्या सुती पट्टीवर पिवळा रंग, त्यावर ठसठशीत काळे आकडे आणि दोन्ही टोकांना पितळी पत्रा. माझा इंच म्हणजे इंच. केसभर इकडे नाही की तिकडे नाही. कपडे कापणाऱ्या एका मास्तरांनी मला दुकानातून उचलले, डोळ्यांजवळ धरून पाहिले आणि गळ्यात घातले. तिथून पुढची सगळी हयात मी त्यांच्या गळ्यात काढली.

मास्तर मितभाषी होते. माप घेताना माणसे पोट आत ओढून उभी राहतात, हे तुम्ही पाहिले असेल. दुसरे शिंपी म्हणतात, "साहेब, पोट सोडा." मास्तर तसे काही म्हणत नसत. मला कमरेभोवती धरून ते नुसते उभे राहायचे. माणूस श्वास धरून धरून किती वेळ धरणार? शेवटी सुटायचाच. मग मास्तर हळूच आकडा वाचायचे. त्यांनी शिवलेल्या विजारीत जेवून उठलेला माणूसही सुखाने बसू शकत असे. कुणाची कंबर किती हे मला जेवढे ठाऊक आहे तेवढे त्यांच्या घरच्यांनाही नसेल. पण मी चहाडखोर नाही.

मात्र रोज ओढ खाऊन खाऊन मी ताणले गेले. माझा एकेक इंच किंचित लांबला. त्यामुळे जी छाती छत्तीस भरायला हवी ती माझ्यावर सव्वापस्तीस भरू लागली. मास्तरांच्या हे कधीच ध्यानात आले होते. तरी त्यांनी मला टाकले नाही. सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांची मापे माझ्यावरच घेतलेली होती आणि कापडही ते माझ्यावरच मोजून कापत. माप घेताना मी जेवढे कमी दाखवायचे, तेवढेच कापताना भरून द्यायचे. कपडा अंगावर चपखल बसायचा. मास्तर एवढेच म्हणायचे, "ज्या टेपनं माप, त्याच टेपनं काप." का, ते त्यांनी कुणाला सांगितले नाही. मास्तरांची टेप ताणली आहे असे बाहेर कळले असते, तर लोकांनी कपडे घरी नेऊन मोजायला सुरुवात केली असती.

मग एका सकाळी कापायच्या टेबलापाशीच मास्तरांच्या हातातून कात्री गळून पडली. उजवे अंग गेले आणि त्याच्याबरोबर बोलणेही गेले. तोंडातून एक घोगरा आवाज तेवढा यायचा. तो आला की ते स्वतःच लाजून तोंड फिरवायचे.

त्यांना दोन मुली. आई लहानपणीच गेलेली. धाकटी लांबच्या शहरात एका कचेरीत नोकरीला होती आणि तिघी मैत्रिणींत एक खोली घेऊन राहत होती. थोरली तयार कपड्यांच्या कारखान्यात होती. तिथे ती फक्त कॉलर शिवायची. वर्षानुवर्षे कॉलर. शर्टाला बाह्या असतात हे ती विसरली नाही, हेच नशीब म्हणायचे. वडील अंथरुणाला खिळल्यावर दोनच वाटा उरल्या. एक तर बाबांना आजारी माणसे सांभाळणाऱ्या संस्थेत ठेवायचे आणि आपण कारखान्यात जात राहायचे. नाहीतर घरातच काहीतरी सुरू करायचे. थोरलीने समोरच्या खोलीत मशीन मांडले, बाबांची खुर्ची खिडकीशी ठेवली, दाराला पाटी लावली आणि मला गळ्यात घातले. दुकान चालले तर बाबा घरात राहणार होते. नाही चालले तर नाही.

मित्रांनो, दुकान उघडणे सोपे असते. दुकानात माणूस येणे अवघड. लोक यायचे, नाही असे नाही. मास्तरांची चौकशी करायचे, चहा प्यायचे आणि कापडाची पिशवी काखेतच ठेवून परत जायचे. पाटी मास्तरांच्या नावाची असली तरी हात मुलीचा, आणि तो हात कुणी पाहिलेला नव्हता. त्या काखेतल्या पिशव्या पाहून मला फार वाईट वाटायचे. थोरली हसून निरोप द्यायची आणि दार लावल्यावर कितीतरी वेळ दाराकडेच बघत बसायची.

पहिली पिशवी टेबलावर ठेवली ती पोस्टातल्या बाईंनी. तीही विश्वासाने नव्हे, अडचणीने. त्यांच्या कोटाचे अस्तर फाटले होते आणि नेहमीचा शिंपी गावाला गेला होता.

"हे बघ, आधीच सांगते," त्या म्हणाल्या, "शिंपी म्हटला की कापड खाणारच. माझी आई म्हणायची, शिंप्याच्या घरातल्या उशा गिऱ्हाइकाच्या कापडाच्या असतात. तेव्हा जास्त खाऊ नकोस."

थोरलीने पिशवीतले कापड मोजून घेतले. ठरल्या दिवशी तिने कोट दिला आणि वर एक गाठोडे दिले. कापताना पडलेला एकूण एक तुकडा त्यात होता. बोटाएवढ्या चिंध्यासुद्धा.

"हे काय?"

"तुमचंच कापड आहे."

बाईंनी घरी जाऊन ते तुकडे म्हणे अंथरुणावर पसरून जुळवून पाहिले. चिमूटभर कमी पडले नाही. आता पोस्टातल्या बाईंना एखादी गोष्ट कळली की ती पत्राच्या आधी घरोघरी पोहोचते. आठवडा गेला नसेल, तोच दारात दोन पिशव्या आल्या, मग चार. थोरलीने पद्धतच पाडली. कपड्याबरोबर चिंध्यांचे गाठोडे. सांगितल्या दिवशी कपडा तयार, कारण शिंप्याचा 'उद्या' कधी उगवत नाही हे तिला ठाऊक होते. आणि पक्की शिलाई घालण्याआधी कच्चे टाके घालून कपडा अंगावर चढवून पाहायचा. लोक तिला गमतीने मास्तरीणबाई म्हणू लागले.

पण खरी पारख खिडकीशी बसलेली होती. तयार झालेला प्रत्येक कपडा थोरली बाबांच्या मांडीवर ठेवायची. ते डाव्या हाताची बोटे शिवणीवरून फिरवत. मग खुर्चीच्या लाकडी हातावर बोट वाजवत. एकदा वाजले तर ठीक. दोनदा वाजले तर उसव. बापलेकीची भाषा ती एवढीच. पहिले काही महिने दोनदाच वाजायचे. थोरली निमूटपणे उसवायची, पुन्हा शिवायची, पुन्हा मांडीवर ठेवायची. कधी ती वैतागून म्हणायची, "बाबा, गिऱ्हाईक दारात उभं आहे हो!" त्यावर पुन्हा दोनदा. हळूहळू एकदा वाजू लागले. पहिल्यांदा एकदाच वाजले तेव्हा ती बराच वेळ दुसऱ्या टकटकीची वाट पाहत उभी राहिली. ती आली नाही. मग ती आत जाऊन तोंड धुऊन आली.

असे बरे चालले असताना मोठे काम आले. जवळच्या दवाखान्यात नवा विभाग सुरू होणार होता आणि तिथल्या सगळ्या परिचारिकांना नवे पांढरे गणवेश हवे होते. मुख्य सिस्टर स्वतः दुकानात आल्या.

"तुमचं नाव पोस्टातल्या बाईंनी सांगितलं," त्या म्हणाल्या. "कापड आमचं. विभाग सुरू व्हायच्या आदल्या दिवशी सगळे गणवेश हवेत. जमेल का? नसेल जमत तर आत्ताच सांगा, मला राग येणार नाही."

"जमेल," थोरली म्हणाली. मी तिच्या गळ्यातच होते. तिच्या छातीची धडधड मला ऐकू येत होती. हे काम नीट पार पडले असते, तर दवाखान्याची पुढची कामेही मिळाली असती आणि बाबांना हलवायचा विषय कायमचा मिटला असता.

ती दवाखान्यात जाऊन सगळ्यांची मापे घेऊन आली. माझ्यावरच. एकेकीला कामातून बाजूला ओढून, उभ्याउभ्या. कच्चे टाके घालून अंगावर चढवून पाहायला त्यांना वेळ नव्हता. कुणी दिवसपाळीला, कुणी रात्रपाळीला. थोरलीने या एका वेळेपुरती आपली पद्धत सोडली.

त्याच सुमारास धाकटी सुटीवर आली. मला पाहून तिने नाक मुरडले.

"ताई, एवढं मोठं काम आणि ही चिंधी गळ्यात? आकडे तरी दिसतात का गं हिचे?"

तिने पर्समधून एक नवीकोरी टेप काढली. गुळगुळीत, चकचकीत, कधी न ताणणारी. आपल्या पगारातून, हौसेने आणलेली. थोरलीला बहिणीचे मन मोडवेना. शिवाय इंच म्हणजे इंच, असेच कुणालाही वाटणार. तिने मला काढून खिळ्याला टांगले आणि नवी टेप गळ्यात घातली. मला मत्सर वाटला का? वाटला. पण त्याहून जास्त भीती वाटली.

धाकटी परत गेली. दुसऱ्या दुपारी थोरलीने टेबलावर पांढरे कापड अंथरले आणि नव्या टेपने मोजून खडूच्या रेघा ओढायला सुरुवात केली. खिडकीशी मास्तर पेंगत होते. त्यांनी डोळे उघडले. तिच्या गळ्यात पाहिले, खिळ्यावर माझ्याकडे पाहिले. आणि बोट वाजवले. दोनदा.

थोरलीने मान वर केली. "काय बाबा?"

दोनदा.

"अजून एक टाका घातला नाही बाबा. उसवू काय?"

पुन्हा दोनदा. जोरात. मित्रांनो, त्यांच्याजवळ दोनच शब्द होते, आणि आत्ता हवा होता तो तिसराच. मी जिवाच्या आकांताने ओरडले असते, पण फितीला कसला आवाज!

थोरलीला वाटले, तहान लागली असेल. तिने पेला त्यांच्या ओठांशी धरला. त्यांनी तो डाव्या हाताने ढकलला. पाणी सांडले, कापडापासून वीतभर अंतरावर.

"बाबा, पुरे आता!" ती ओरडली. त्यांच्यावर ती प्रथमच ओरडली होती. "पांढरं कापड आहे, दुसऱ्याचं आहे! असं काय करता लहान मुलासारखं?"

तिने त्यांची खुर्ची उचलून, ओढत, आतल्या खोलीत नेली. तिथून बराच वेळ टकटक ऐकू येत होती. दोन, आणि थांबून दोन. मग तिने मशीन सुरू केले आणि ऐकू येईनासे झाले.

पहिला गणवेश तयार झाल्यावर ती तो आत घेऊन गेली. त्यांनी शिवणीला बोटसुद्धा न लावता दोनदा वाजवले. तिने शिवण न् शिवण तपासली. सगळे सरळ होते. त्या संध्याकाळी ती धाकटीला फोनवर म्हणाली, "बाबांना आता कळेनासं झालंय गं." भिंतीपलीकडे बाबा जागे होते. त्यांना सगळे ऐकू येत होते.

गणवेश ठरल्या दिवशी पोहोचले. दुसऱ्या सकाळी नव्या विभागात पाहुणे जमले असताना एका सिस्टरने सलाईनची बाटली अडकवायला हात वर केला आणि बाही खांद्यापासून टर्रकन फाटली. दुसरीला वाकता येईना. तिसरीचे बटण तुटून कुणाच्या तरी चहात पडले. लोक हसले. त्या बिचाऱ्या हसू शकल्या नाहीत.

मुख्य सिस्टरांनी सगळे गणवेश एका चादरीत बांधून आणले आणि टेबलावर ठेवले. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरे झाले असते.

"मी विचारलं होतं, जमेल का म्हणून," त्या म्हणाल्या. "मी तुमच्या शब्दावर विसंबले."

त्या गेल्यावर थोरली ढिगाशी बसून राहिली. सैल करायला आत कापड नव्हते. खांदा आणि मुंढा, म्हणजे बाही बसते ती गोलाई, एकदा तोकडा कापला की कुणाच्या बापाला वाढवता येत नाही. तिने एक गणवेश नव्या टेपने मोजला. लिहिलेल्या मापाशी तंतोतंत जुळला. मग कसा तंग झाला? तिने खिळ्यावरून मला काढले आणि तोच गणवेश माझ्यावर मोजला. तो कमी भरला. तिने नव्या टेपला आणि मला टेबलावर शेजारी शेजारी अंथरले, आमची टोके जुळवली आणि आकड्यांवरून बोट फिरवत निघाली. छत्तिसाशी येऊन बोट थांबले. नवीचे छत्तीस तिथे होते. माझे पाऊण इंच पुढे.

तिला मास्तरांचे वाक्य आठवले असावे. मग ती टकटक आठवली असावी. ती मला हातात तशीच लोंबकळत घेऊन आतल्या खोलीत गेली आणि खुर्चीपाशी खाली बसली.

"बाबा, तुम्ही सांगत होतात."

तिने डोके त्यांच्या गुडघ्यावर टेकवले आणि हुंदके देऊन रडली. मास्तरांनी बोट वाजवले नाही. त्यांनी तिच्या हातातून मला घेतले आणि पूर्वी गुंडाळायचे तसे, एका हाताने, बोटांभोवती हळूहळू गुंडाळत राहिले. माझी गुंडाळी नीट होईना. ती सारखी सुटत होती.

दुसऱ्या दिवशी थोरली आम्हा दोघींना घेऊन दवाखान्यात गेली. टेबलावर आम्हाला अंथरून तिने जे घडले ते सरळ सांगितले आणि कापड भरून देते म्हणाली. मुख्य सिस्टरांनी वाकून पाहिले.

"कारण कळलं," त्या म्हणाल्या. "पण आता मी परत तुमच्याकडे यायचं म्हटलं, तरी माझ्या पोरी येणार नाहीत."

त्या खरे बोलल्या. त्या कधीच आल्या नाहीत. गल्लीत जो तो म्हणू लागला, "वाटलंच होतं." असे म्हणणाऱ्यांत तिच्याकडून कपडे शिवून घेतलेलेही होते. पिशव्या पुन्हा काखेत गेल्या. धाकटी धावत आली, स्वतःला दोष देत रडली, आणि डोळे पुसून म्हणाली, "ताई, आता बाबांना तिकडं ठेवावंच लागेल. किती दिवस रेटशील?" थोरलीने मशीनवर कापड झाकले. मला तर वाटले, सगळे संपले.

अशात एक दिवस पोस्टातल्या बाई आल्या. काखेत पिशवी.

"ऐकलं ते खरं का गं?"

थोरलीने सारवासारव केली नाही. तिने आम्हा दोघींना पुन्हा टेबलावर अंथरले. बाईंनी चष्मा वर करून निरखून पाहिले.

"मग आता माप कुठल्या टेपनं घेणार?"

"नवीनं. आणि कापणारही नवीनंच. सगळ्यांची मापं परत घेणार आहे. जे येतील त्यांची."

बाईंनी पिशवी टेबलावर ठेवली आणि हात पसरून उभ्या राहिल्या. "घे तर मग. श्वास धरू की सोडू?"

थोरली हसली आणि लगेच रडली. मग बाबांसारखीच गप्प उभी राहून तिने बाईंचा श्वास सुटायची वाट पाहिली. त्यानंतर एकेक करून माणसे आली. सगळी नाही. पण बाबांना कुठे पाठवावे लागले नाही एवढी आली. खुर्ची पुन्हा खिडकीशी आली.

मास्तर मात्र खंगत चालले होते. थंडीचे दिवस आले तेव्हा थोरलीने त्यांच्यासाठी एक जाड शर्ट शिवायचे ठरवले. त्यासाठी तिने मला खिळ्यावरून काढले. बाबांचे माप माझ्यावरच, मी कोरी असताना घेतलेले होते ना! किती दिवसांनी मी त्या छातीभोवती गेले. याच माणसाच्या गळ्यात मी हयात काढली, आणि आता हाडे तेवढी लागली. थोरलीने आकडा वाचला, मला सोडले, पुन्हा धरले, पुन्हा वाचला. जुन्या मापापेक्षा पाच इंच कमी.

"टेप ताणलीय बाबा," ती म्हणाली. "म्हणून कमी भरतंय."

मित्रांनो, माझ्यात खोट होती ती पाऊण इंचाची. बाकीचे इंच माझे नव्हते. हे मला कळत होते, त्यांना कळत होते आणि तिलाही कळत होते. तरी तिने शर्ट जुन्या मापानेच कापला. तो अंगात घातला तेव्हा खांदे दंडांवर उतरले आणि कॉलरमध्ये त्यांची मान हरवली. कॉलर मात्र अप्रतिम होती.

मास्तरांनी डाव्या हाताने खांद्याची शिवण चाचपली. ती कुठे असायला हवी होती आणि कुठे आहे, ते त्यांच्या बोटांना लगेच समजले. त्यांनी बोट वाजवले. दोनदा.

"नाही बाबा," थोरली म्हणाली. "बरोबर आहे. जरा जेवायला लागलात की भरेल."

ते तिच्याकडे पाहत राहिले. किती वेळ कोण जाणे. जन्मभर या माणसाने एकही ढगळ कपडा पसंत केला नव्हता. मग त्यांनी हात उचलला आणि बोट वाजवले. एकदाच.

थंडी सरायच्या आत ते गेले. त्याच शर्टात त्यांना नेले. थोरलीने मला धुऊन, सावलीत वाळवून, सैल गुंडाळून या खणात ठेवले.

मित्रांनो, तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल तर तिला उगाच ओढू नका, टांगून ठेवू नका. आणि ती जुनी झाली तर तिचा दोष झाकून ठेवू नका. मास्तरांनी माझा झाकला, आणि तो त्यांच्याच लेकीला भोवला. याहून मोठी एक विनंती आहे. ज्याच्याजवळ शब्द उरलेले नाहीत असे कुणी तुमच्या घरात बोट वाजवत असेल, तर पाण्याचा पेला पुढे करून मोकळे होऊ नका. हातातले काम थांबवा, त्याच्याजवळ बसा आणि तो कुठे बघतो आहे ते बघा. माझ्याकडे बघत होते हो ते. सारखे माझ्याकडे बघत होते.

दुकान अजून चालू आहे. खण अर्धवट उघडा राहिला की मला फटीतून खिडकी दिसते. कपडा तयार झाला की थोरली तो आधी रिकाम्या खुर्चीच्या हातावर ठेवते आणि थोडा वेळ उभी राहते. गिऱ्हाईक घाईत असले तरी थांबते. मग चिंध्यांचे गाठोडे बांधते आणि कपडा देऊन टाकते.